उभ्या गाडीची रेस

शनिवारी सकाळी बायकोनं माझ्या गाडीला रेस दिली. आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. त्यात विशेष काही नव्हतं. भाकरी थापून झाल्या, तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि मी हाक मारायच्या आधीच येऊन ड्रायव्हरच्या जागेवर बसली. चपला खाली काढून ठेवल्या. गाडीत ती कधी चपला घालून बसली नाही. जसं काही देवळात चालली.

रेस म्हणजे आमच्या गॅरेजवाल्यांच्या बोलीत ॲक्सिलेटर दाबणं. 'रेस दे' म्हटलं की पाय दाबायचा, 'सोड' म्हटलं की सोडायचा. बॉनेट उघडं असतं, मिस्त्री आत वाकलेला असतो, इंजिन ओरडत असतं, आणि गाडी जागची हलत नाही. दुसरी रेस म्हणजे शर्यत, ती वेगळी. आमच्या घरात दोन्ही होत्या. उभ्या गाडीची तिच्याकडं, पळत्या गाडीची माझ्याकडं. अशी वाटणी कोणी केली, कधी केली, ते मला सांगता येत नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. पेनही पाना धरल्यासारखा धरतो. कनेरगाव नाक्यावर ढाब्यांची रांग संपते तिथं माझं टिनाचं गॅरेज. सगळी उमर ट्रक आणि जीपांखाली गेली. लग्न झालं तेव्हा हाताखाली माणूस ठेवायची ऐपत नव्हती, म्हणून एक दिवस बायकोलाच म्हटलं, ये, जरा पाय दाबून धर. ती साखऱ्याकडची, शेतकऱ्याची पोरगी. ट्रकमधी चढायचं कसं हेच तिला ठाऊक नव्हतं. डोक्यावर पदर घेतला, चढली आणि मी सांगितलं तिथं पाय ठेवला. मी म्हटलं आर्धी रेस, तर आर्धी. तेवढीच धरून ठेव म्हटलं, तर तेवढीच. इंजिनाचा सूर हलला नाही.

त्यानंतर मी माणूस ठेवलाच नाही. पुढं ऐपत आली तरी ठेवला नाही. तिच्या पायासारखा पाय मला कोणाचा सापडला नाही. पोरं पाय हलवतात, इकडं-तिकडं पाहतात, इंजिन वर-खाली होतं, मग ऐकायचं काय? तिनं पाय ठेवला की खिळा ठोकल्यासारखा. ट्रकवाले हसायचे. एक जण म्हणाला, "मिस्त्री, एक दिवस तुझी बायको ट्रक घेऊन जाईन बरं."

ती वरूनच बोलली, "गेली असती तर बरं झालं असतं. हे जाऊ देत न्हाईत, नुसतं वरडायला लावतात."

सगळे हसले. मीही हसलो.

पोरीचं लग्न होऊन ती औंढ्याला गेली आणि आम्ही दोघंच राहिलो, तेव्हा मी अंबासडर आणली. एका कापूस व्यापाऱ्याच्या मागच्या अंगणात ती कितीतरी वर्षं उभी होती. बोरीचं झुडूप तिच्या तळातून उगवून खिडकीतून बाहेर आलेलं. मागच्या शीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. व्यापारी म्हणाला, नेतो तर ने, माझं अंगण मोकळं होईल. ट्रॅक्टरला बांधून घरी आणली. बायको दारात उभी. म्हणाली, "कोंबड्याचं खुराडं काहून आणलं? घरात एकबी कोंबडी न्हाई."

मी म्हटलं, हिला पळवतो. पटाला.

आमच्याकडं पूर्वी बैलांचा शंकरपट व्हायचा. साखऱ्याकडच्या माळावर त्याची सरळ पट्टी अजून आहे. पोरांनी त्यावर मुरूम टाकून दाबला आणि जुन्या गाड्यांचा पट सुरू केला. दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या. झेंडी पडली की सुटायचं. दोन फर्लांग सरळ. वळण नाही, घाट नाही. आधी पोचला तो जिंकला, त्याला फेटा बांधायचा. बैलांच्या पटाला झेंडी टाकायचा तोच म्हातारा गाड्यांनाही टाकतो. त्याला गाडीतलं काही कळत नाही. गाडी पुढं सरकून उभी केली की अजून ओरडतो, जोडी मागं घ्या.

तर त्या अंबासडरचं मी काय काय केलं. हेड काढून हिंगोलीला घासून आणलं, म्हणजे इंजिनाचा दाब वाढतो. शेतातल्या जुन्या लोखंडी पाइपाचे तुकडे वेल्डिंग करून धूर जायचा रस्ता मोकळा केला. आवाज असा झाला की ढाब्यावरची माणसं भाकर खाली ठेवायची. आणि मुख्य म्हणजे एका कार्बोरेटरच्या जागी दोन बसवले. दुसरा तसल्याच एका भंगार गाडीचा. मधला जोड मी घरी बनवला, कानस घेऊन घासला, किती दिवस घासला कोण जाणे.

दोन कार्बोरेटर म्हणजे बैलजोडी. एक ओढतो आणि दुसरा चुकवतो असं चालत नाही. दोघांनी बराबर हवा ओढली पाहिजे. ते पाहायची मशीन असते म्हणतात, मी पाहिली नाही. मी रबरी नळी घेतो. एक टोक कानात, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी. हवा शिटी मारत आत जाते, ती ऐकायची. मग दुसऱ्याची ऐकायची. दोन्ही शिट्या सारख्या झाल्या की जोडी जुळली. पण त्यासाठी इंजिन एका सुरात चाललं पाहिजे. रेस हलली की शिटी हलते आणि सगळं खोटं कळतं. म्हणजे माझं सगळं तंत्र तिच्या पायावर होतं.

बॉनेट उघडं असलं की समोरची काच झाकली जाते. इंजिनावर वाकलेल्या माणसाला गाडीत बसलेला माणूस दिसत नाही. हे मी मुद्दाम लिहून राहिलो. आमच्या दोघांच्या मधी सगळा जन्म ते झाकण उघडं राहिलं. तिचा पाय मला कानानंच माहीत. खुशीत असली तर रेस कशी उचलायची, चिडलेली असली तर कशी, चुलीवर दूध ठेवून आली असली तर कशी, ते मला इंजिनातून कळायचं. असं मी समजायचो.

मागच्या साली त्या पटात मी हरलो. वाशीमकडची एक जुनी जीप आहे, तिच्या मालकानं मला बॉनेटभर अंतरानं मागं टाकलं. फेटा बांधून तो माझ्याकडं आला. म्हणाला, "काका, गाडी भारी हाये तुमची. जरा जड हाये."

ते 'जड' माझ्या डोक्यात बसलं. घरी आलो आणि गाडी सोलायला घेतली. बंपर काढले. स्टेपनी काढली. मागचं शीट काढलं. दाराच्या आतले पत्रे काढले. मग राहिलं पुढचं डावं शीट. तेही उचकटलं. चार बोल्ट होते, कुठं टाकले ते पाहिलं नाही. शीट ओट्यावर फेकलं.

ती म्हणाली, "ते काहून काढलं?"

म्हटलं, वजन.

"त्यावर कोण बसणार व्हतं? मीच न? म्हंजे माझंच वजन जड झालं व्हय तुमाला."

मी म्हटलं, आगं पटाला एकच माणूस बसतो, दुसरं शीट कशाला. ते शीट तिनं ओट्यावर भिंतीला टेकवून नीट मांडलं. खाली विटा लावल्या. मग तिथं बसूनच तूर निवडायची, लसूण सोलायची. आल्या-गेल्या बायांना म्हणायची, या, गाडीत बसा. आमची गाडी ओट्यावर लागती.

एक गोष्ट इथं सांगितली पाहिजे. गाडी आणली तेव्हा ती भंगार होती. चालू झाली तशी पटाच्या तयारीला लागली, आणि पट हरलो तसं तिचं डावं शीट ओट्यावर गेलं. म्हणजे माझी बायको त्या गाडीत बसून कुठंच गेली नाही. स्टेरिंगमागं बसली, रोज बसली, पण गाडी उभी असताना. माळावर पटाच्या दिवशी यायची तीही पोरांच्या मागं दुसऱ्याच्या जीपमधून. औंढ्याला नागनाथाला जायची, पोरीकडं जायची, ते एसटीनं. आमच्या दारात गाडी.

या साली पट रविवारी ठरला. आठवडाभर आधी तिनं विचारलं. रस्त्याकडं पाहत, जसं काही दुसऱ्याच कोणाचं विचारून राहिली.

"पट झाल्यावर शीट बसवता का? एकदा औंढ्याला जाऊ. तुमी चालवा, मी बसते. पोरीच्या दारात गाडीतून उतरते."

मी म्हटलं, रविवारचा पट होऊ दे. सोमवारी बसवतो. खरंच बसवणार होतो. पण तिनं विचारलं तेव्हा माझ्या हातात पाना होता, शीट तीन पावलांवर होतं, आणि तेव्हाच बसवलं असतं तर चहा होईस्तोवर काम झालं असतं. ते मी केलं नाही. जीपवाल्याचं 'जड' डोक्यात होतं.

तर शनिवारची सकाळ. ती बसली, मी चालू कर म्हटलं, तिनं किल्ली फिरवली. मी नळी कानात घातली. म्हटलं, "आर्धी रेस. धर."

इंजिन चढलं आणि हललं. थोडं खाली गेलं, परत वर आलं. मी वाट पाहिली. परत तसंच. एका सुरात राहीना. दम लागलेल्या माणसासारखं.

मी म्हटलं, गाडी दम सोडून राहिली.

आतून ती म्हणाली, "मंग बघा न. मला काय कळतं त्यातलं."

मी पेट्रोलची नळी काढून फुंकली. कचरा नव्हता. प्लग पाहिले, चांगले होते. परत रेस दे म्हटलं, परत तेच. मग मला वाटलं डाव्या कार्बोरेटरला पेट्रोल कमी पडतं. स्क्रू फिरवला. फरक नाही. उजव्याचा फिरवला. मधी ती म्हणाली, पायाला मुंग्या आल्या, जरा दुसरा पाय लावते. मी म्हटलं लाव, पण हलवू नको. दुसऱ्या पायानंही तेच. मी आणखी फिरवलं. कालपर्यंत जी जोडी जुळलेली होती ती मी एकेक फिरकी देऊन सगळी मोडली. इंजिनाला शिव्या दिल्या. ज्यानं भंगारात हा कार्बोरेटर दिला त्याला दिल्या. तिला एक शब्द बोललो नाही, हे खरं. पण तिच्याकडं गेलोही नाही. झाकण खाली केलं असतं तर ती समोर दिसली असती.

शेवटी मी म्हटलं, सोड. तिनं सोडली. किल्ली बंद केली. उतरायला तिला वेळ लागला. दाराला धरून थोडी उभी राहिली, चपलात पाय घातले. मी विचारलं नाही. मी कार्बोरेटर पाहून राहिलो होतो.

"जेवून घ्या," ती म्हणाली. "इंजिन काही पळून जात न्हाई."

दुपारी तिनं आर्धीच भाकर खाल्ली. मग ओट्यावर त्या शीटवर बसली, मांडीवर सूप घेऊन तूर निवडत. मी गाडीखाली शिरलो. बऱ्याच वेळानं खालूनच चहा मागितला. ती बोलली नाही. मला वाटलं रागात असंल. परत मागितला. मग बाहेर आलो. ती मान भिंतीला टेकून बसलेली होती. सूप मांडीवर तसंच, एक दाणा सांडला नव्हता. डोळे मिटलेले. हात लावला तेव्हा कळलं.

शेजारचे आले. डॉक्टरला आणलं, त्यानं हृदय बंद पडलं म्हणून सांगितलं. पोरगी औंढ्याहून दिवस मावळायच्या आत पोचली. संध्याकाळी नेऊन आलो. ओढ्याच्या काठावर आमची स्मशानाची जागा आहे. तिथून परत आल्यावर पोरगी माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "बाबा, आईचे पाय सुजत व्हते. चालली की दम लागायचा. पाय थरथरतात म्हणायची. फोनवर मला सांगायची. तुमाला न्हाई सांगितलं?"

मी म्हटलं, न्हाई.

पण सांगितलं होतं. सकाळी सांगितलं होतं. तोंडानं नाही.

गेलेलं माणूस जिथं ठेवलं असतं तिथं आमच्याकडं रात्री पीठ पसरतात, त्यावर दिवा लावून टोपलं झाकतात. सकाळी टोपलं काढून पिठात काय उमटलं ते पाहतात. ज्याचं पाऊल दिसंल त्याच्या जन्माला गेलं म्हणतात. रविवारी उजाडल्यावर बाया जमल्या. टोपलं काढलं. एक म्हातारी म्हणाली, चिमणीचं पाऊल हाये. दुसरी म्हणाली, न्हाई, कोंबडीचं वाटतं. पोरगी वाकून पाहत होती. मलाही बोलावलं. मी पाहिलं. मला पिठात काही दिसलं नाही. त्या कोंबडीवरून मला तिचं खुराड्याचं बोलणं आठवलं, आणि मी तिथून उठून अंगणात गेलो.

अंगणात सतरंजीवर माणसं बसली होती. झेंडीवाला म्हातारा आला होता, आणि जीपवालाही. त्यानं सांगितलं, आज पट होणार नाही, काकूसाठी बंद ठेवला. मी मान हलवली आणि गाडीचं बॉनेट उघडलं.

मी गाडीत बसून किल्ली फिरवली. त्या पाइपांचा आवाज सुतकाच्या घरात केवढा झाला. कोणी तरी म्हणालं, बायकोची राख गरम हाये अन् हा गाडी चालू करून राहिला. कोणी म्हणालं, पटाला निघाला का काय. जीपवाला उठून जवळ आला, काका काका करत. झेंडीवाल्यानं त्याचा हात धरून खाली बसवलं.

ओट्यावरच्या शीटखालची एक वीट मी काढून आणली. ती रेसवर ठेवली. जिथं तिचा पाय असायचा तिथं. सरकवून सरकवून आर्धी रेस झाली. मग बाहेर येऊन इंजिनाजवळ उभा राहिलो.

इंजिन एका सुरात चाललं होतं. काळा धूर मारत होतं, कारण मी शनिवारी स्क्रू फिरवून पेट्रोल जास्त केलं होतं. पण हलत नव्हतं. खाली जात नव्हतं, वर येत नव्हतं. मी नळी कानात घातली. जितक्या फिरक्या दिल्या होत्या तितक्या उलट्या दिल्या, आधी डाव्याला, मग उजव्याला. हाताला ठाऊक होतं किती. धूर गेला. दोन्ही शिट्या सारख्या झाल्या. जोडी शुक्रवारी होती तशी जुळली. गाडीत काही बिघाड नव्हता. कधीच नव्हता.

वीट काढली. गाडी बंद केली.

पोरगी मागं येऊन उभी होती. तिचे डोळे लाल. "काहून असं करता बाबा? माणसं काय म्हणतील?"

मी म्हटलं, "शीट बसवायचं हाये. त्याचे बोल्ट कुठं हायेत, मला ठाव न्हाई."

ती आत गेली. मला वाटलं रागानं गेली. थोड्या वेळानं बाहेर आली तेव्हा तिच्या हातात लुगड्याच्या फडक्याची गाठ होती. म्हणाली, भिंतीतल्या देवळीत होती, देवाच्या मागं. आई मला एकदा म्हणाली होती, हे हरवू देऊ नको, तुझ्या बाबाला लागतील.

गाठ सोडली. चारही बोल्ट होते, नटासकट. तेल लावून ठेवलेले. एकालाही गंज नव्हता.

शीट मी उचललं. जड होतं. जीपवाला न सांगता पुढं आला आणि त्यानं दुसरी बाजू धरली. आम्ही ते गाडीत ठेवलं, भोकं जुळवली. मी गुडघ्यावर बसलो आणि एकेक बोल्ट घातला. तेलामुळं हातानंच शेवटपर्यंत फिरले. पाना लागला नाही.